कुमुद निघाल्यात

चौथा मजला सोडून लिफ्ट वर निघाली, एक हिसका बसला आणि पाचवा यायच्या आतच ती थांबली. आत दोघंच होते. सातव्या मजल्यावर दुरुस्त केलेला चष्मा पोचवायला निघालेले चष्मेवाले, आणि भाजीच्या पिशव्या घेऊन पाचव्या मजल्यावर घरी चाललेल्या बेबीआजी. आजींनी पंच्याहत्तरी ओलांडली होती, तरी सगळी इमारत त्यांना बेबीच म्हणायची. वयाप्रमाणे कुणी पुढं ताई लावायचं, कुणी मावशी, कुणी आजी, एवढाच फरक.

चष्मेवाल्यांनी लाल बटण दाबलं. बटणाशेजारच्या बोलायच्या जाळीतून खालच्या वॉचमनचा आवाज आला, "घाबरू नका. कंपनीला फोन लावतो." आणि थोड्या वेळानं, "झालं काम. कुमुद म्हणून कुणी आहेत, त्या निघाल्यात."

चष्मेवाल्यांची मान ताठ झाली. कुमुद त्यांची एकुलती एक लेक. लिफ्टच्या कंपनीत ती दुरुस्तीच्या कामाला लागल्यापासून ही बातमी ऐकवल्याशिवाय त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर सोडलं नव्हतं. बेबीआजी तेवढ्या वाचल्या होत्या, कारण त्या चष्मा दुसरीकडे करायच्या. आता ती कसर भरून काढायला त्यांनी तोंड उघडलं, तोच आजी म्हणाल्या, "कुमुद? म्हणजे झालंच. सत्तरीची बाई असणार. ती कसली आपल्याला काढतेय, तिलाच धरून आणावं लागेल."

"नाव जुनं म्हणून माणूसही जुनं, असं कुठंय?"

"असतंच. आमच्या वेळी गल्लीत खडा मारला तरी कुमुदलाच लागायचा, इतक्या होत्या. आता सगळ्या गुडघे धरून बसल्यात. हल्ली कोण ठेवतं हे नाव?" एवढं बोलून आजींनी स्वतःच लाल बटण दाबलं. "अहो वॉचमन, त्या बाई वयस्कर आहेत. फाटकात खुर्ची टाका. आणि जिन्यानं उचलून आणायला दोन दणकट माणसं बघून ठेवा."

"बघतो आजी," वॉचमन म्हणाला.

 आता सांगायचंच नाही, दार उघडेल तेव्हा आजींना डोळ्यांनीच दिसू दे, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं. चष्मा कुठलाही असो.

पण आजींचं संपलं नव्हतं. "आणि अर्थ तरी धड आहे का? कु म्हणजे वाईट. कुकर्म, कुसंगत, कुविचार. कु-मुद म्हणजे वाईटात आनंद मानणारी." हे त्या पाढे म्हटल्यासारखं म्हणाल्या.

"साफ चूक," चष्मेवाल्यांना राहवेना. "कु म्हणजे पृथ्वीसुद्धा. मुद म्हणजे आनंद. पृथ्वीवर आनंद करणारी ती कुमुद. चंद्र उगवला की तळ्यात फुलतं ना, त्या पांढऱ्या कमळाचं नाव आहे ते. चांगले जाडजूड कोश पालथे घालून ठेवलंय."

"कुणी ठेवलंय?"

"म्हणजे, ठेवतात लोक," चष्मेवाले म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

छताकडे बघताना त्यांना आठवलं, की पंधरा वर्षांची असताना हीच लेक शाळेतून येऊन दप्तर आपटत म्हणाली होती, "बाबा, वर्गात मला सगळे आजीबाई म्हणतात. दुसरं नाव मिळत नव्हतं का?" तेव्हा त्यांनी कमळ आणि चंद्र दोन्ही सांगून पाहिलं होतं. ती न जेवता झोपली होती. पुढं ती तो विषय विसरली असेल, ते विसरले नव्हते.

इतक्यात जाळीतून फाटकावरची बोलणी ऐकू येऊ लागली. वॉचमननं बटण चालूच ठेवलं होतं.

"ए ताई, आत कुठं निघालीस? लिफ्ट बंद आहे."

"म्हणून तर आलेय. बाजूला व्हा."

"बाजूला तू हो. कुमुदबाई येतायत. त्यांची खुर्ची आहे ही, पिशवी उचल त्यावरची."

"अहो, मीच कुमुद. हे बघा कार्ड."

वॉचमननं कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचलं. मग तो समजुतीनं म्हणाला, "आईचं कार्ड घेऊन फिरू नये, बाळा."

आता मात्र चष्मेवाल्यांचा बेत त्यांच्या हातात राहिला नाही. जाळीला तोंड लावून ते म्हणाले, "तिला वर सोडा. ती कुमुदच आहे. मी तिचा बाप बोलतोय."

बेबीआजींनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

जिन्यावरून दडदड पावलं वर गेली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून ठोकाठोक ऐकू आली, लिफ्ट हळूहळू सरकत पाचव्याशी येऊन टेकली, आणि पुन्हा तीच पावलं खाली आली. किल्लीनं दार उघडलं. समोर निळ्या कपड्यांत, हात काळे झालेली, घामानं निथळणारी पोरगी उभी होती. मागं ते दोन दणकट पुरुष रिकामी खुर्ची घेऊन धापा टाकत होते.

"बाबा, तुम्ही आत? मग मुकाट बसला होतात की नाही?"

"बसलो होतो की," चष्मेवाले म्हणाले. आजींनी हे खोडून काढलं नाही. त्या पोरीकडे बघत होत्या.

"काय गं, या नावावरून तुला चिडवत नाहीत?"

"शाळेत चिडवायचे. आता बरं पडतं, आजी. कंपनीत एकाच नव्या नावाच्या चौघी आहेत. साहेब हाक मारतात आणि भलतीच उठून जाते. माझी हाक मलाच येते." तिनं हात पुसले. "मला आवडतं माझं नाव."

चष्मेवाले सातव्या मजल्यावर चष्मा द्यायचा विसरून तसेच जिन्यानं खाली उतरले. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, की आपल्याला कुणी काढलं.

आठवडा गेला असेल. बेबीआजी दुकानात आल्या. चष्मा करायचाय म्हणाल्या, आणि फ्रेमी चाळता चाळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते पृथ्वीचं काय म्हणत होतात? खरं का ते?"

"अगदी खरं. का हो?"

"माझं नाव कुमुद आहे." त्या फ्रेमीकडेच बघत होत्या. "वर्गात आम्ही ढिगानं होतो. एका मास्तरांनी तो कु-चा अर्थ सांगितला आणि साऱ्या वर्गानं मलाच धरलं. घरी बेबी म्हणायचे, ते बाहेरही चालू ठेवलं. नवऱ्यालाही पुष्कळ उशिरा सांगितलं."

चष्मेवाले पहिल्यांदाच गिऱ्हाइकापुढं लेकीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी आजींना खुर्ची दिली आणि कमळापासून सगळं सावकाश सांगितलं. मागं दोन माणसं खोळंबली होती, ती खोळंबू दिली.

घरी जाऊन आजींनी जाहीर केलं, की आजपासून बेबीला आपण ओ देणार नाही. नातवानं बेबीआजी म्हणून हाका मारमारून शेवटी खालच्या वॉचमनशी बोलायचं घरातलं बटण दाबलं, "वॉचमनकाका, कुमुदबाई तिथं बसल्या असतील तर वर पाठवा. जेवायला थांबलोय."

वॉचमन एकदा चुकला होता, आता चुकणार नव्हता. त्यानं ताबडतोब कंपनीला फोन लावला. अवजारांची पिशवी घेऊन पोरगी धावतपळत आली. लिफ्ट छान चालत होती. पाचव्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर आजी.

"कुणी बोलावलं तुला?"

"कुमुदला वर पाठवा, असा निरोप होता."

"मग बरोबर आलीस," आजी म्हणाल्या. "हात धू आणि बस. आपल्या दोघींची पानं वाढलीयत."