गुरुबसवची गाडी

"आज स्टँडवर जायचं न्हाई म्हंजे न्हाई!" विजयश्रीनं गाडीची किल्ली पदराला बांधत नवऱ्याला बजावलं. "दुपारच्या बसनं पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. दाढी करा, पांढरा शर्ट घाला आणि गप घरी बसा."

"बसतो की," धनराज म्हणाला आणि ती आत वळताच दुसरी किल्ली घेऊन निघाला. एक भाडं मारून यायला असा किती वेळ लागतो?

विजयश्रीचं चिडणं रास्त होतं. पल्लवीनं आजवर आलेलं प्रत्येक स्थळ नाकारलं होतं. एकाला मिशीवरून, दुसऱ्याला फोनवर स्वतःचंच कौतुक केलं म्हणून. करजगीच्या श्रीपतरावांचा हरिओम, हैदराबादला कंपनीत असलेला, हा पहिलाच मुलगा, की ज्याच्याशी फोनवर बोलून ती हसत खोलीबाहेर आली आणि म्हणाली, "हे जमलं तर जमू द्या." हे जमलं नाही तर पोरगी पुन्हा कुणाला हो म्हणेल याची आईला खात्री नव्हती. मध्यस्थानं फोटो मात्र मुलाचाच पाठवला होता, आईवडिलांचा नाही.

आता आम्हा बीदर स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवाल्यांविषयी थोडं सांगायला हवं. आमचा दर माणूस बघून ठरतो. चप्पल कशी, बॅग कशी, गावात नवा आहे की जुना. याला आम्ही अनुभव म्हणतो. फोनवरच्या गाड्यांची कंपनी गर्दी बघून दर वाढवते, त्याला लूट म्हणतो. या लुटीविरुद्ध धनराज आमचा पुढारी. "गिऱ्हाईकं ड्रायव्हरला स्टार लावायलेत म्हणं! माणूस काय हॉटेल हाय का?" असं तो चहाच्या टपरीवर गरजायचा आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. चहा त्याचा असायचा, हेही खरं.

तर त्या दिवशी कलबुर्गीची रेल्वे आली आणि एक म्हातारं जोडपं बाहेर आलं. काका मोबाईल हातभर लांब धरून गाड्यांचे नंबर वाचत होते, काकू गुडघा दाबत होत्या. काका धनराजच्या पांढऱ्या गाडीपाशी थांबले.

"गुरुबसव का?"

धनराजनं इकडं तिकडं पाहिलं. कंपनीचा ड्रायव्हर गुरुबसव अजून आला नव्हता. आजवर त्यांनी आमची गिऱ्हाईकं पळवली, आज एक आपण पळवू, असा न्याय त्याच्या मनात झटक्यात झाला.

"व्हय, गुरुबसवच. बसा."

"नंबर येगळा दिसायलाय."

"ती गाडी गॅरेजला हाय, काका. ही भावाची."

"बरं. ओटीपी घ्या मग. चार, नऊ, चार, दोन."

धनराजच्या फोनमध्ये ते ॲप कधीच नव्हतं. त्यानं कॅल्क्युलेटर उघडला, चार हजार नऊशे बेचाळीस मारले आणि म्हणाला, "बरोबर हाय." काकांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि मुकाट्यानं आत बसले.

गाडी निघाली आणि धनराजला पहिला घाम फुटला. जायचं कुठं? विचारायची सोय नव्हती.

"काका, पत्ता तसा बरोबरच हाय ना?"

"तुमच्या मोबाईलमधी आला असंल की."

"आलाय, आलाय," धनराज म्हणाला आणि किल्ल्याकडं वळला. किल्ल्याकडून चौबारा, चौबाऱ्यावरून गुरुद्वारा, तिथून पुन्हा किल्ला. एरवी हा फेरा आम्ही भाडं वाढवायला मारतो. त्या दिवशी बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"हा किल्ला मघाशी बघितला की आपण," काकू म्हणाल्या.

"लई मोठा हाय, काकू. दोनदा दिसतो."

काकूंना ते पटलं. धनराजनं आरशातून अंदाज घेतला. "येवढ्या उन्हात कुणाकडं निघालाव?"

"पोरगी बघायला," काका म्हणाले. "दुपारी येतो म्हणून सांगितलंय, मुद्दाम सकाळी आलोय. सांगितल्या येळेला गेलं की लोक सोफ्यावर नवी चादर टाकतात."

"पोरीचं नाव पल्लवी," काकूंनी भर घातली. "नौबादला घर हाय. बाप टॅक्सीवर हाय म्हणं."

गाडी कचकन थांबली.

"काय झालं?"

"कुत्रं आडवं आलं."

"कुठं हाय?"

"गेलं."

मागं मुलाचे आईवडील, श्रीपतराव आणि सत्यभामाबाई, पुढं मुलीचा बाप, आणि त्या बापाचं नाव गुरुबसव! आत्ताच सांगून टाकावं का? पण सांगायचं काय? नमस्कार, मी तुमचा होणारा व्याही, तुम्हाला फसवून दोनदा किल्ला दाखवलाय? त्यानं गाडी नौबादकडं वळवली आणि गप्प राहायचं ठरवलं. पण श्रीपतराव त्याला गप्प राहू देत नव्हते.

"तुम्ही तर इथलंच. तो धनराज माणूस कसा हाय? खरं सांगा बरं."

आता स्वतःविषयी खरं कोण सांगतो! "देवमाणूस हाय, काका," धनराज म्हणाला. "भाड्यात कधी फसवणार न्हाई. परक्या माणसाला तर न्हाईच न्हाई."

"आम्ही तर ऐकलंय, ते स्टँडवाले लांबून फिरवत्यात."

"बाकीचे फिरवत्यात. धनराज न्हाई."

हे वाक्य त्यानं पुढं आम्हालाच सांगितलं, तेव्हा स्टँडवर दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

एवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "अण्णा, मी गुरुबसव. स्टेशनासमोर उभा हाव, तुम्ही कुठं हाव?"

"तुमच्याच गाडीत बसलोय की."

"माझ्या गाडीत मीच एकटा हाव, अण्णा!"

"ह्या कंपनीत लई गुरुबसव हायत," धनराज घाईघाईनं म्हणाला. "गोंधळ व्हतो." श्रीपतरावांनी फोन बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

धनराजचा बेत साधा होता. दारात सोडायचं, मागच्या दारानं आत जायचं, दाढी करून पांढऱ्या शर्टात बाहेर यायचं. बायकोला डोळ्यानं खुणावलं की ती समजेल. इतक्या वर्षांच्या संसारात ती एकदाही खुणेनं समजली नव्हती, हे तो विसरला.

विजयश्री ओट्यावर उभी राहून सोफ्याची नवी चादर झटकत होती. गाडी दिसताच कडाडली, "आलं का! शेवटी गेलाच न्हवं स्टँडवर? पाव्हणे दारात येऊन उभे राहिले तर दाढी कधी करणार?"

धनराजनं डावा डोळा मिचकावला, मग उजवा, मग दोन्ही.

"डोळ्यात काय गेलं का?"

"बाई," श्रीपतराव उतरत म्हणाले, "ह्या गुरुबसवला ओळखता तुम्ही?"

"कोण गुरुबसव? ह्ये आमचे मालक हायत, धनराज. तुम्ही कोण?"

"आम्ही करजगीचे."

विजयश्रीच्या हातातली नवी चादर ओट्यावरून खाली पडली.

घरात चुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. धनराज स्वतःच्याच सोफ्याच्या टोकावर पाहुण्यासारखा बसला होता. पल्लवी कप गोळा करायला आली तेव्हा सत्यभामाबाईंनी विचारलं, "तुझे अप्पा नेहमी असंच करत्यात का गं?"

"करत्यात. पर नेहमी सापडत न्हाईत," पल्लवी म्हणाली.

आईनं कपाळाला हात लावला. श्रीपतरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि उठले. "घरी जाऊन कळवतो."

घरी जाऊन कळवतो म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. पल्लवी कुणाकडं न बघता म्हणाली, "अप्पा, ह्यांना स्टेशनला सोडून या. सरळ रस्त्यानं." धनराजला तेव्हा स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

गाडीत बसल्यावर श्रीपतरावांनी मोबाईल काढला. "ओटीपी घ्या."

"कशाला थट्टा करता, काका?" धनराज म्हणाला. "माझ्याकडं ते ॲप न्हाई. सकाळी तुमचा आकडा मी कॅल्क्युलेटरवर मारला. मी खोटा हाव, पर पोरगी लई खरी हाय. माझ्या पायी तिचं मोडू नका."

"हां, आता बरोबर हाय," श्रीपतराव म्हणाले. "सकाळी मी ओटीपी चुकीचा दिला व्हता. पोरानं शिकवलंय, आधी चुकीचा सांगून बघा. खरा ड्रायव्हर असला तर चूक म्हणंल. तुम्ही बरोबर हाय म्हणालाव, तवाच वळखलं."

"मग बसलाव कामून?"

"हिचे गुडघे दुखायलते. आणि खोट्या ड्रायव्हरशी घासाघीस करता येती."

श्रीपतरावांनी पत्नीकडं पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान डोलावल्यावर ते खाकरले. "सोयरीक पक्की समजा. पोरगी तोंडावर खरं बोलती, आम्हाला तशीच पाहिजे. पर आता आमचंही एक ऐका. पोरगा कंपनीत हाय म्हणलं, ते खोटं न्हाई. पर हापिसात न्हाई. कंपनीची गाडी चालवतो."

"कुठली कंपनी?"

श्रीपतरावांनी मोबाईलवरची ॲपची पाटी त्याच्यापुढं धरली. तीच कंपनी, जिच्याविरुद्ध धनराज टपरीवर गरजायचा.

"पल्लवीला ठाऊक हाय?"

"त्यानं पहिल्याच फोनला सांगितलंय. ती म्हणली, घरी मी सांगत न्हाई, तुम्हीच सांगा."

धनराजनं गाडी सुरू केली, सरळ रस्त्याला लावली आणि आरशात न बघता हळूच विचारलं,

"स्टार किती हायत पोराला?"