तक्त्यातला चौथा रकाना

बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर मोजून आठ वस्तू होत्या: रक्तदाब मोजायचं यंत्र एक, स्टेथोस्कोप एक, थर्मामीटर दोन (पैकी एक बंद), फोन तीन आणि आखीव पानांची एक वही. वहीत चार रकाने पाडलेले होते. आजोबा, आई, बाबा आणि 'स्वतः'. पहिल्या तीन रकान्यांत बुधवार सकाळपासून प्रत्येकी अकरा नोंदी होत्या. चौथ्यात एकही नव्हती.

वही सिस्टरची होती. घरात तिला सगळे सिस्टर म्हणत, पण ते आगाऊ होतं. नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं होतं, परवान्याची परीक्षा मंगळवारी देऊन झाली होती, निकाल शुक्रवारी दुपारी बारा वाजता लागायचा होता. शल्यविभागात तिच्यासाठी एक जागा धरून ठेवलेली होती. मेट्रननी स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी सात वाजता परवाना क्रमांकासकट हजर हो. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन जाईल."

परीक्षा संगणकावर होती आणि संगणक स्वभावानं विचित्र होता. कमीत कमी पंच्याऐंशी प्रश्न विचारायचे, आणि उमेदवाराबद्दल आपली खात्री पटली की मध्येच बंद पडायचं, अशी त्याची रीत. सिस्टरच्या बाबतीत त्याची खात्री पंच्याऐंशीव्या प्रश्नालाच पटली.

"म्हणजे चांगलं ना?" आईनं विचारलं होतं.

"फार चांगलं किंवा फार वाईट. मधलं काही नाही."

"मला विचारशील तर त्याला कंटाळा आला असेल," आजोबा म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि पेपर तपासणाऱ्याच्या मनाची त्यांना कल्पना होती.

तेव्हापासून घराचा जीव टांगणीला लागला होता. सिस्टर मात्र शांत होती. निदान ती तसं म्हणत होती. हातांना काम हवं म्हणून तिनं घराचाच वॉर्ड केला. सकाळी आठ ते रात्री आठ, दर दोन तासांनी तिघांची नाडी, रक्तदाब, तापमान.

"माझ्या दंडाला वळ उठलेत," आजोबांनी तक्रार केली. "स्वतःचा कधी घेणार आहेस?"

"मला काय धाड भरलीय? मी ठीक आहे. बोलू नका, आकडा वर जातो."

बुधवारी दुपारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. सिस्टरचे हात आजोबांच्या दंडाभोवती पट्टा गुंडाळण्यात गुंतलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला. इथंच सगळं बिघडलं. मैत्रिणीनं एक युक्ती सांगितली. परीक्षा घेणाऱ्या परिचारिका परिषदेच्या संकेतस्थळावर त्याच परीक्षेचा पुन्हा अर्ज भरून बघायचा. पास झालेल्याला ते अर्ज भरूच देत नाही. नापासाला मात्र हसत हसत पुढची तारीख देतं. नकार आला तर पेढे वाट, स्वीकार झाला तर अभ्यासाला बस.

"मूर्खपणा आहे," सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला. मग खोलीतल्या तिघांकडे बघून म्हणाली, "हे कोणीही करायचं नाही. शुक्रवारी बारा वाजता मी बघेन. समजलं?"

तिघांनीही माना डोलावल्या. तीन माना एकाच वेळी इतक्या पटकन डोलतात तेव्हा खरं तर शंकेची पाल चुकचुकायला हवी. पण ती त्या वेळी आजोबांचा खालचा आकडा ऐकत होती.

आता गुरुवारचे दोन वाजले होते. अकरावी नोंद करून सिस्टरनं पान मागं उलटलं आणि रकाने वरून खाली वाचले. बाबांचा रक्तदाब बुधवारी चारपर्यंत एकशे चाळीसच्या आसपास होता. सहा वाजता तो एकशे बावीसवर आला आणि तिथंच स्थिरावला. आईचा आज सकाळी आठपर्यंत एकशे अठ्ठावीस. दहाला एकशे छप्पन्न. बाराला एकशे साठ. आणि आजोबांचा? तो काल संध्याकाळी खाली आला होता, आज सकाळी वर गेला होता, दुपारी बाबा जेवायला आले तेव्हा पुन्हा खाली आणि ते गेल्यावर पुन्हा वर.

तिला वागणंही आठवलं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. काल संध्याकाळपासून ते तिथं शीळ घालत तिच्यासाठी नर्सचं घड्याळ दुरुस्त करत होते, खिशाला उलटं अडकवायचं तसलं. आणि आई, जी वाचनालयात नोंदणीचं काम करते, निकालापर्यंत रजा घेऊन घरी होती आणि एरवी कोणाला ताट उचलल्याशिवाय उठू देत नाही, ती आज तिच्या हातातून ताट काढून घेत म्हणाली होती, "राहू दे ग बाळ. एका परीक्षेवर का माणसाचं आयुष्य ठरतं?"

सिस्टरनं वही मिटली आणि आजोबांसमोर खुर्ची ओढली.

"आजोबा, बाबांना काय माहीत आहे?"

"मी शब्द दिलाय."

"आणि आईला?"

"तिलाही दिलाय."

"म्हणजे दोघांनी वेगवेगळं काहीतरी सांगितलंय."

"असं मी म्हटलं नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी कालपासून तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि आता ती धरवत नव्हती. "हे बघ, मला एकानं सांगितलं की तू पास झालीस. मी खूश झालो. दुसऱ्यानं सांगितलं की नापास झालीस. मी खचलो. आता ज्याचं तोंड दिसेल तसं मला वाटतं. या वयात हे बरं नव्हे."

पाच मिनिटांत दुकानाला 'थोड्या वेळात येतो'ची पाटी लागली आणि आई-बाबा टेबलापाशी उभे राहिले.

"तुम्हीसुद्धा?" आई डोळे पुसत बाबांना म्हणाली.

"तूसुद्धा?" बाबा आईला म्हणाले. "पण मग रडतेस कशाला? नकार आलाय. मी डोळ्यांनी वाचलं, 'आपण या परीक्षेस पात्र नाही.' पास आहे पोरगी."

"नकार कुठला? मला तर तारीख दिली. पुढच्या महिन्याची एकोणीस."

दोन निरीक्षणं परस्परविरोधी असतील तर त्यातलं एक तरी चुकीचं असतं. सिस्टरनं दोन्ही फोन हातात घेतले. बाबांच्या अर्जात जन्मतारखेच्या जागी दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता आणि वर्ष मात्र यंदाचं होतं.

"बाबा, याप्रमाणे मी साडेचार महिन्यांची आहे."

बाबांनी डोळ्याला लावायचं भिंग काढून खिशात ठेवलं. "तरीच 'पात्र नाही' म्हणाले."

आईच्या अर्जात एकही चूक नव्हती. तिच्या हातून चूक होतच नाही. वाचनालयात तिच्या नोंदी नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवतात. फक्त सिस्टरचा पासवर्ड माहीत नसल्यामुळे तिनं स्वतःच्या ईमेलवर नवं खातं उघडलं होतं. संकेतस्थळाच्या दृष्टीनं ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षेला बसत होती. तिला तारीख मिळणारच.

"म्हणजे आपल्यापैकी कोणालाच काही माहीत नाही," आजोबा म्हणाले. चार वाजता त्यांचा रक्तदाब दोन दिवसांतला सर्वांत चांगला आला.

शुक्रवारी बारा वाजता सिस्टरनं स्वतःचं खातं उघडलं. तिघं तिच्या खुर्चीमागं उभे होते. पडद्यावर पास नव्हतं, नापासही नव्हतं. होतं ते असं: 'एकाच नावाने व जन्मतारखेने दोन खाती आढळल्यामुळे आपला निकाल राखून ठेवण्यात आला आहे. ओळखपत्रासह कार्यालयात समक्ष भेटावे. वेळ: दुपारी चारपर्यंत. शनिवार-रविवार सुट्टी.'

हात दाखवून अवलक्षण, असं आजोबांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

"सोमवारी सात," सिस्टर म्हणाली. तेवढंच.

"चपला घाला," आई म्हणाली.

परिषदेचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. एका ओळीत सहा खिडक्या, पण नजरेत भरत होती ती फक्त दुसऱ्या खिडकीची पाटी, कारण सगळी गर्दी तिथंच: 'परीक्षार्थी'. त्यांना त्रेसष्ट नंबरचं टोकन मिळालं. सत्तेचाळिसावा चालू होता. बाबांनी घड्याळ बाहेर काढलं आणि हिशेब मांडला, की एका माणसाला साधारण सहा मिनिटं लागतात, वेळ एक वाजून पंचावन्न, म्हणजे आपला नंबर साडेतीनच्या पुढं. तो तीन वाजून चाळीस मिनिटांनी आला. मधल्या वेळात सिस्टरनं पिशवीतून यंत्र काढून तिघांची दोनची नोंद केली, शेजारच्या बाकावरच्या दोन बायकांनीही आपापले दंड पुढं केले.

"तुझं घे ना," आई म्हणाली.

"मी ठीक आहे."

खिडकीमागं एक कारकून होते. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, पडदा पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दुसरं खातं कोणी उघडलं?"

"मी," आई म्हणाली.

"का?"

"उघडतंय का ते बघायला."

"मग?"

"उघडलं."

"आता काय करायचंय?"

"बंद."

कारकुनांनी मान हलवली. मग पडद्याजवळ वाकले. "इथं आणखी एक अर्ज दिसतोय. उमेदवाराचं वय साडेचार महिने. बाळ तुमच्याच घरातलं का?"

"माझं," बाबा म्हणाले. "म्हणजे, हीच ती. जरा वर्ष चुकलं."

"काका, साडेचार महिन्यांच्या बाळाला आम्ही परवाना देत नाही. दात यावे लागतात."

"चूक माझी आहे. मुलीला शिक्षा नको."

"शिक्षा कोण करतंय? सही करा, खाती बंद करतो." ते टाइप करू लागले. मध्येच थांबले. पुन्हा केलं. पुन्हा थांबले. मग ओळखपत्र काचेखालून परत सरकवलं. "हे माझ्याकडे होत नाही."

सिस्टरनं काचेच्या कडेला हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं उरली होती.

"का नाही होत?" आईचा आवाज वाचनालयात कधीच चढला नसेल इतका चढला. "दोन तास बसलोय आम्ही. सोमवारी तिला कामावर जायचंय. तिनं काही केलेलं नाही, जे केलं ते आम्ही. मला काय करायचं ते करा, हवं तर माझ्या नावानं लिहून घ्या."

"बाई, आधी ऐकून घ्या. या खिडकीवर फक्त परीक्षार्थींची कामं होतात."

"ती परीक्षार्थीच आहे."

"नाही."

"नाही कशी? मंगळवारीच तर परीक्षा—"

"निकाल सांगायचा अधिकार मला नाही," कारकून म्हणाले. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि एकेक शब्द सुटा करत बोलले. "मी एवढंच सांगतोय, की यांचं काम माझ्याकडे नाही. आजपासून नाही. पाच नंबरला जा. चौसष्ट."

चौघंही तिथंच उभे राहिले. चौसष्ट नंबरवाली मुलगी त्यांना वळसा घालून खिडकीशी गेली.

बाबांनी आजोबांचा दंड धरला, नेमका वळावर. "नकार दिला," ते कुजबुजले. "ऐकलंत? नकार."

पाचव्या खिडकीसमोर कोणीच नव्हतं. वर निळ्या अक्षरांत पाटी होती: 'नोंदणीकृत परिचारिका'. आत एक बाई पिशवी आवरत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पिशवी बाजूला ठेवली.

"बोला, सिस्टर."

घराबाहेरच्या कोणी तिला असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. सिस्टर वरची पाटी पुन्हा वाचत राहिली, तेव्हा आईनं सगळं सांगितलं, क्रमवार आणि एकही तपशील न गाळता, साडेचार महिन्यांच्या बाळासकट. बाईंनी दोन्ही फालतू नोंदी पुसल्या आणि एका चिठ्ठीवर सात आकडी क्रमांक लिहून दिला. "पत्र घरी येईल. तोपर्यंत हा चालतो."

सिस्टरनं तो दोनदा पडताळून मेट्रनना पाठवला. उत्तर लगेच आलं: 'सोमवार, सात. केस नीट बांधून ये.'

"आता इकडे बस," आजोबा म्हणाले. त्यांनी बाकावरची वही उचलून आईकडे दिली होती आणि आईनं पेनाचं टोपणही काढलं होतं. "तीन दिवस आम्हाला पिळून काढलंस. एक रकाना कोरा ठेवायचा नाही. हे मी मुलांना नकाशे भरताना शिकवायचो."

"अहो, मी ठीक आहे."

"हात," बाबा म्हणाले.

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातात ते नवं दुरुस्त केलेलं घड्याळ उलटं लटकवलं. पंधरा सेकंदांनी ते तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "चारनं गुणायचं नाही. पूर्ण मिनिट मोजा."

बाबांनी पूर्ण मिनिट मोजलं. खिडक्यांची झडपं एकेक करून खाली येत होती. आईनं चौथ्या रकान्यात तिच्या नमुन्याच्या अक्षरात लिहिलं:

शुक्रवार, तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटे. नाडी: मिनिटाला एकशे बत्तीस.