लॉवेलचा गुपचूप शुक्रवार

"कुणाला कळणारसुद्धा नाही!" लॉवेल ट्वेट छातीठोकपणे म्हणाला. "माणसं आपापलं काम करत राहतील आणि तिकडे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर बसलेलंही असेल. परवानगी मागणार नाही, प्रश्न विचारणार नाही. हूं नाही की चूं नाही!"

उत्तर मिनेसोटातल्या त्या पीकविमा कंपनीत कॉम्प्युटरची सगळी दुखणी लॉवेलच्या गळ्यात होती. दुखणं कसलंही असो, इलाजासाठी टेबलाखालीच शिरावं लागायचं. उमेदीची वर्षं बिचाऱ्याने लोकांच्या बुटांच्या सहवासात काढली होती. हे नवं सॉफ्टवेअर सगळीकडे बसलं, की मात्र त्याला कुठेही बसून कुणाचाही कॉम्प्युटर चालवता येणार होता. आणि 'कुठेही' म्हणजे कुठे, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. तळ्यावर! गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या लाकडी झोपडीत, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून!

साहेबीणबाई मार्लिस बर्गक्विस्ट यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ठीक आहे. या शुक्रवारी तळ्यावरून करून दाखव. काम अडलं नाही, तर हिवाळाभर दर शुक्रवारी तू तळ्यावर. अडलं, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

हिवाळ्यातले सगळे शुक्रवार! लॉवेलने घरी जाता जाता नवा गळ विकत घेतला.

शुक्रवारी सकाळी झोपडीत शेगडी पेटली होती, थर्मासात कॉफी होती, आणि मेव्हणा ड्वेन भोकाशी समाधी लावून बसला होता. लॉवेलने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा एकेक ठिपका होता. ते भराभर हिरवे होऊ लागले.

"बघ! मांजर दूध पिऊन जातं ना, तसं काम!"

"मांजर डोळे मिटून पितं," ड्वेन भोकातून नजर न काढता म्हणाला.

तेवढ्यात एक ठिपका विझला. मग त्याच्या शेजारचा. मग हिशेब खातं संपूर्ण विझलं! लॉवेलने लॅपटॉप शेगडीजवळ धरला, खिडकीशी धरला, शेवटी बाहेर जाऊन डोक्यावर धरून बर्फावर गोल गोल फिरला. शेजारच्या झोपड्यांतल्या लोकांनी अगत्याने हात हलवले. हिरवा ठिपका म्हणून औषधाला उरला नाही.

त्याने ऑफिसात आर्डिसबाईंना फोन लावला. आर्डिसबाई स्वागताच्या टेबलावर लॉवेलच्या जन्माआधीपासून बसत होत्या.

"आर्डिस, सगळं ठीक आहे ना?"

"तसं बरं आहे रे. तू मासे धर."

"काम चाललंय ना?"

"वाईट नाही. तू नको काळजी करूस."

लॉवेलचा जीव भांड्यात पडला. "तळ्यावरचं नेटवर्कच भिकार! तिकडे सगळं ठीक आहे."

"कितीदा विचारलंस?" ड्वेन म्हणाला.

"दोनदा."

"दोनदाच?" ड्वेनने प्रथमच मान वर केली.

आमच्या मिनेसोटात कुणी केक पुढे केला, की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'छे, उगाच कशाला' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा दोन तुकडे उचलायचे. संकटालाही तोच नियम. घराला आग लागली असली, तरी पहिल्या दोन वेळा 'तसं बरं आहे'च! शुक्रवारच्या लोभापायी हे लॉवेल विसरला होता. त्याने पुन्हा फोन लावला.

"आर्डिस, खरं सांगा."

"आता तू विचारतोच आहेस म्हणून हो," आर्डिसबाई संकोचून म्हणाल्या, "आपल्यावर चोरांनी हल्ला केलाय."

"काय?"

"सगळ्यांच्या पडद्यावर एकदम एक डोळा उगवला! निळा, टक लावून बघणारा!"

लॉवेलने कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर गुपचूपच बसलं होतं. पण बसल्यावर आपलं चिन्ह पडद्यावर ठेवू नकोस, एवढं मात्र त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

"मग? काय केलंत?"

"तूच नाही का महिन्यापूर्वी भाषण दिलंस? अनोळखी काही दिसलं की हात लावायचा नाही, मागची तार उपटायची, ईमेलने कळवायचं नाही, चोर वाचतो! सगळ्यांनी उपटल्या. वर पडद्यांवर फडकी टाकलीत. विन्स्टन तर कॉम्प्युटर उचलून गाडीच्या डिकीत ठेवून आला."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझा तळ्याचा दिवस रे! त्यात कशाला विघ्न? काम बंदच आहे, तर रॉक्सीने घरून आणलेलं हॉटडिश, ते बटाटे-खिम्याचं, गरम केलंय. तुझी ताटली झाकून ठेवलीय."

लॉवेल गाडी दामटत ऑफिसात पोचला आणि सरळ पहिल्या टेबलाखाली शिरला. तारा जोडत जोडत तो बुटांमागून बुटांना भेटत गेला आणि वरून कौतुक ऐकत गेला. "कसं ओळखलं आम्ही, लॉवेल!" "तुझंच शिकवणं हो!" चोर मीच होतो, हे त्याने चार टेबलांखालून सांगून पाहिलं. वर सगळे हसले. किती विनयी माणूस!

शेवटच्या टेबलाखालून तो बाहेर आला, तर समोर मार्लिसबाईंचे बूट.

"काम अडलं, लॉवेल."

"अडलं."

"म्हणजे तो विषय संपला. दुसरं. त्या भाषणात तू माझ्या नावाने बक्षीस जाहीर केलं होतंस. जो चोर आधी ओळखेल, त्याला पगारी शुक्रवार."

"पण चोर नव्हताच ना!"

"ते त्यांना कुठे माहीत होतं? बोला, आधी कुणी ओळखला?"

"रॉक्सीने," विन्स्टन म्हणाला. "छे छे, विन्स्टननेच," रॉक्सी म्हणाली. हिशेब खात्याने आर्डिसबाईंचं नाव घेतलं, आर्डिसबाईंनी हिशेब खात्याचं. सभ्यपणाची अशी हातघाई झाली, की मार्लिसबाईंनी टेबलावर हात आपटला. "सगळ्यांना सुट्टी! पुढच्या शुक्रवारी. पण ऑफिस सांभाळायला कुणीतरी लागेल."

सगळ्यांनी लॉवेलकडे अत्यंत आदराने पाहिलं.

आता एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण आईने लावलेलं वळण! लॉवेल म्हणाला, "माझी झोपडी रिकामीच असेल. जा हवं तर."

"नको नको," आर्डिसबाई म्हणाल्या.

"अहो, जा की."

"छे, तुला उगाच त्रास."

इथे थांबावं, हे त्याला लख्ख कळत होतं. पण जीभ केव्हाच पुढे गेली होती. "खरंच, जा हो!"

"बरं, एवढा आग्रह करतोस तर!" आर्डिसबाई म्हणाल्या. "किल्ली कुठे असते?"

पुढच्या शुक्रवारी लॉवेल रिकाम्या ऑफिसात एकटाच बसला. बटण दाबलं. सगळे ठिपके हिरवेगार झाले, एकही विझला नाही. आता मात्र खरोखरच कुणाला काही कळलं नाही, कारण कळायला कुणी नव्हतंच.

न राहवून त्याने आर्डिसबाईंना फोन केला.

"मासे लागताहेत का?"

"तसं बरं आहे रे," आर्डिसबाई म्हणाल्या. मागे हशा पिकला होता, आणि ड्वेन, ज्याला लॉवेलने जन्मात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, तो "जाळं आणा, जाळं!" म्हणून बोंबलत होता.

"मोठे आहेत?"

"वाईट नाहीत."

तिसरा प्रश्न लॉवेलच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.