मनगटाचा रियाज

मृत्युनोंदणीच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसलेल्या कारकुनाने ठरवलं, की लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला बायकोला गिटार ऐकवायची. लग्नाआधी तिच्यासमोर एक वेगवान धून अर्ध्यावरच तुटली होती. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून तर घरात नळ ठिबकला तरी सोबत वाटायची.

माळ्यावरची गिटार त्याने गुपचूप वाद्यांच्या दुकानात नेली. दुकानदाराने थोडं ऐकलं आणि सुस्कारा सोडला.

"डावा हात ठीक आहे. उजव्यात जीवच नाही. हा टिकटिक ठेका देणारा मेट्रोनोम साठवर लावा, मनगट सैल ठेवा. स्वच्छ वाजलं तरच वेग वाढवा. आणि दुखलं की थांबा."

शेवटचं वाक्य सोडून त्याने सगळं ऐकलं. (थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं, आयुष्यात थांबली होती ती फक्त बढती.) संध्याकाळी दुकानात तासभर, आणि घरी नुसती तारा छेडायची पिक चिमटीत धरून टेबलाखाली खाली-वर, खाली-वर. मेट्रोनोम एकशे वीसवर पोचला तेव्हा हात जेवतानाही थरथरायला लागला.

बायकोने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून काचेचा कप गेला, प्लास्टिकचा आला.

"चहा अर्धाच?"

"पुरे तेवढा."

हिचं मन उडालं आपल्यावरून, असं समजून त्याने वेग आणखी वाढवला.

रविवारी ती चप्पल घालून समोर उभी राहिली. "चला, डॉक्टरकडे."

"कोण आजारी आहे?"

तिचा बांध फुटला. "मामंजींचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना मी घास भरवायचे. तुम्हालाही भरवीन, पण लपवू नका हो!"

टेबलावर थरथरणारा तो हात आपला की वडिलांचा, हे क्षणभर त्यालाच कळेना.

डॉक्टरांसमोर त्याने सगळं कबूल केलं. "मनगट सुजलंय," डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवस विश्रांती." घरी येईपर्यंत बायकोने त्याचं कोपर सोडलं नाही.

वाढदिवसाला तो वाजवायला बसला. धून एकशे चाळीसवर निघाली, चौथ्या ओळीला धापा टाकत साठवर आली, पण तुटली नाही. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यालाही भरून आलं. त्याच भरात त्याने धून पुन्हा पहिल्यापासून धरली.

तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला, स्पीकरवर. "ताई, भाऊजींचा हात कसा आहे?"

"ठणठणीत."

"मग रडतेस कशाला?"

बायकोने फोन तोंडाशी नेला. "अगं, अजून वाजवतायत."