'रेवती' कुठल्या चॅनेलवर लागते?

"हं, बोल. या महिन्याची नायिका कोण?" बुटाची नाडी सोडता सोडता पद्माकरनं विचारलं आणि त्याची बायको प्रेमा चहाचा कप घेऊन दारातच थबकली. कारण या महिन्यात नायिकाच नव्हती.

पद्माकर सरकारी कारखान्यात सीनियर इंजिनियर. सांगलीहून बंगळूरला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत 'मला माहीत नाही' असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मल्लेश्वरमच्या मराठी मंडळाचं चार पानी पत्रक दर महिन्याला निघायचं, त्यात तो 'बघायलाच हवी अशी बाई' नावाचं सदर लिहायचा. टीव्हीवरच्या कुठल्या मालिकेतली नायिका खमकी आहे, ती का बघावी, हे तो ठणकावून सांगायचा. लोक आवडीनं वाचायचे. एक बारीकशी गोष्ट मात्र लोकांना ठाऊक नव्हती. पद्माकर एकही मालिका बघायचा नाही. टीव्हीसमोर बसला की पाच मिनिटांत त्याचा डोळा लागायचा. मालिका बघायची प्रेमा. संध्याकाळच्या चहाबरोबर ती गोष्ट सांगायची आणि तो ती स्वतःच्या नावानं छापायचा.

आता झालं होतं असं, की रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली होती. दहा दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि पद्माकरला त्याचा पत्ताही नव्हता. केबलवाला प्राणेश रोज "कल पक्का, मेडम" म्हणत होता. आणि पत्रक तर उद्या छापायला जाणार!

"फास्ट, प्रेमा. मला तीनशे शब्द द्यायचेत."

प्रेमाच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट घोळत होती. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याला तपासणी विभागात डिप्लोमा झालेलं माणूस हवं होतं. पेपरात जाहिरात होती. प्रेमाकडं मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, तोही फर्स्ट क्लास, आणि वीस वर्षं तो ट्रंकेत पडून होता. नोकरीचं तिनं दोनदा काढलं होतं. पहिल्यांदा पद्माकर म्हणाला, "मुकुलची दहावी होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाला, "अमृताची होऊ दे." आता तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे नातवंडांच्या दहावीची वाट बघायची.

"'रेवती निघाली'," तिच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?"

"नवीन मालिका. रेवतीकडं डिप्लोमा असतो, पण नवरा नोकरी करू देत नाही. तसा चांगला असतो हो. फक्त ऐकत नाही."

"काय मूर्ख माणूस आहे!" वही उघडत पद्माकर म्हणाला. "पुढं?"

"ती त्याला न सांगता अर्ज टाकते."

"शाब्बास! हीच पाहिजे होती मला. अशा नवऱ्यांना ना, चौकात उभं केलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी प्रेमानं खरोखरच अर्ज टाकला.

पत्रक दीडशे घरांत गेलं, आणि एकदाची केबलही जोडली गेली. त्या काळी बंगळुरात प्रत्येक भागाचा केबलवाला वेगळा. मल्लेश्वरमला दिसायचं ते बनशंकरीला दिसेलच असं नव्हतं. त्यामुळं मालिका सापडली नाही तरी ती नसेलच, असं कुणाच्या मनातही आलं नाही. दोन दिवसांनी मंडळाचे सेक्रेटरी भगवंतराव यांचा बनशंकरीहून फोन आला.

"पद्माकर, ती तुमची रेवती कुठल्या चॅनेलवर लागते हो? आमच्याकडं सापडत नाही."

"केबलवाला बदला, भगवंतराव," पद्माकर म्हणाला. "आमच्याकडं पिक्चर एकदम क्लिअर आहे."

भगवंतरावांना हे लागलं. बनशंकरी काय मागासलेली आहे? दुसऱ्याच दिवशी ते देवळात चारचौघांना म्हणाले, "बघितली बरं का रेवती. फस्क्लास!" मग ज्यांनी बघितली नव्हती त्यांनाही भराभर दिसायला लागली.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मालनबाई तर विचारायलाच नको. त्यांचं घराणं तीनशे वर्षं बंगळुरातलं. गावात काही चाललंय आणि मालनबाईंना ठाऊक नाही, हे शक्य आहे का? त्या जिन्यातच प्रेमाला म्हणाल्या, "बगितली की मी बी, प्रेमाक्का! स्वल्प रडू बी आलं बग."

त्या संध्याकाळी प्रेमानं सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

"अहो, ऐका ना. ती मालिका आहे ना, ती..."

"मला माहितीये," पद्माकर म्हणाला. "तू पुढचा भाग सांग. मला मंडळात व्याख्यान द्यायचंय."

काय करणार? सांगितला. रेवती निळी सुती साडी नेसून दोन बस बदलून मुलाखतीला जाते. कारखान्याचे मालक तिच्या हातात एक सुटा भाग आणि तो मोजायला मायक्रोमीटर देतात. आधीच्या दोन उमेदवारांच्या नजरेतून सुटलेला दोष ती अचूक पकडते. प्रेमा सांगत गेली आणि पद्माकर लिहिता लिहिता थांबला.

"काय रिसर्च केलाय लिहिणाऱ्यानं! मायक्रोमीटर कसा धरायचा तेसुद्धा करेक्ट."

"असतं बायकांना माहीत," प्रेमा म्हणाली. दोन बस बदलून तिचे पाय अजून दुखत होते.

महिनाअखेरीला पत्र आलं. सोमवारी, एक जुलैला, सकाळी आठला हजर व्हावं. न आल्यास दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं जाईल. प्रेमानं ते चार वेळा वाचलं. रविवारी मंडळात पद्माकरचं व्याख्यान होतं, 'मालिकांतल्या समर्थ नायिका'. ते एकदा पार पडलं, तो खुशीत आला, की घरी जाताना सांगायचं, असं तिनं पक्कं केलं. यावेळी 'बघू' म्हणाला तर संपलंच. अशी संधी काय रोज चालून येते?

रविवारी हॉल खच्चून भरला. पद्माकरचा आवाज चढला होता. "रेवती ही नुसती नायिका नव्हे..." इथपर्यंत तो आला आणि दारातून प्राणेश तरातरा आत शिरला.

"सार, बीस घरां मेरेकू छोड रहे! बोलते, तू रेवती नै दिखाता. मैं एक-एक चॅनेल देखा. किदर बी नै है! नंबर बोलो, सार. सबके सामने बोलो!"

पद्माकरनं हातातले कागद उलटसुलट केले. त्यानं प्रेमाकडं बघितलं. आता प्रेमानं खरं सांगितलं तर सगळ्या मंडळासमोर नवऱ्याची छी-थू होणार, आणि वर त्याच्याकडं उद्याच्या नोकरीचं काढायचं? विसराच! पण गप्प तरी कशी बसणार? ती उठायला लागली, तेवढ्यात तिच्या शेजारच्या मालनबाई उभ्या राहिल्या.

"ए प्राणेश, स्वल्प गप बस! दीडशे माणूस खोटं बोलतंय काय? गुरुवारचा भाग मी बगितला."

"अक्का, आपके घर बी मेराच केबल है ना?"

"धाकटीच्या घरी बगितला. राजाजीनगरात."

"काय झालं हो गुरुवारी?" मागून कुणीतरी विचारलं.

मालनबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "रेवती नवऱ्याला म्हणाली, मला काम लागलं, मी जाणार. आन् नवरा काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, 'सरी, चालतंय की! जा तू. डबा मी करतो.'"

"अगं बाई!" सगळा हॉल म्हणाला.

भगवंतराव कसे मागं राहतील? "भेंडीची भाजी केली हो त्यानं! आमच्या बनशंकरीत अगदी स्पष्ट दिसलं."

"पोळ्यासुद्धा!" एक बाई म्हणाल्या. "पहिल्या दोन करपल्या."

मिनिटभरात अख्ख्या हॉलनं तो भाग बघितलेला होता. प्राणेश गोंधळून गेला. शेवटच्या खुर्चीवर टेकत त्यानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "फिर क्या हुआ?"

पद्माकरच्या अंगात पुन्हा जीव आला. त्यानं टेबलावर हात आपटला. "हाच! हाच प्रसंग मालिकेतला सर्वोत्तम! त्या नवऱ्याला मी मूर्ख म्हटलं होतं, ते शब्द मी परत घेतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. अगदी भेंडीसकट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबायच्या आत प्रेमा उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत आला.

"अहो, मग जाताना भेंडी घेऊन जाऊ या. मला पीण्यात नोकरी लागलीय. उद्या आठला हजर व्हायचंय."

पद्माकरनं समोर बघितलं. दीडशे माणसं श्वास रोखून त्याच्याकडं बघत होती. मालनबाई तर पुढं सरकून बसल्या होत्या. एवढ्या लोकांनी आजवर त्याचं सगळं ऐकलं होतं. आता त्याला स्वतःचं ऐकणं भाग होतं.

"सरी," पद्माकर म्हणाला.

यावेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. बाहेर पडताना मालनबाईंनी प्रेमाचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "प्रेमाक्का, खरं सांग, कुठल्या नंबरावर लागतं गं ते? मी एकदा बी बगितलं न्हाई."

सोमवारी पहाटेपासून स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट चालली होती. भेंडी चिकट झाली, पोळ्यांना आकार कसलाच नव्हता, पण पावणेसातला डबा भरून तयार होता. तो देताना पद्माकर जरा घुटमळला.

"प्रेमा, ती मालिका नव्हतीच ना?"

"नव्हती."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," पद्माकर म्हणाला.

प्रेमाला हसू आवरेना. तिनं चप्पल घातली, पर्स खांद्याला लावली. खरं तर तिला रडायलाही येत होतं, पण बसची वेळ झाली होती.

"आणि पुढच्या महिन्याचं सदर?" त्यानं जिन्यातून ओरडून विचारलं.

"ते मी लिहीन! तुम्ही संध्याकाळी चहा टाकून ठेवा, आणि सकाळपासून घरात काय काय झालं ते नीट सांगा!"

आत गॅसवर दूध उतू जात होतं. हे संध्याकाळी सांगायचं की वगळायचं, याचा विचार करत पद्माकर स्वयंपाकघराकडं धावला.