घरच्या चवीचे हॉट डॉग

शनिवारी सकाळी दाढी करता करता चवमास्तरांनी ठरवलं, की आज घरी हॉट डॉग करायचे. निर्णय एवढासाच होता. पाव चिरायचा, मध्ये सॉसेज ठेवायचं, वर कांदा आणि मोहरीचा सॉस घालायचा. यात कुणाचं काय वाकडं व्हायचं आहे? (स्वयंपाकघराचं छत पुन्हा रंगवावं लागेल, हे त्यांना तेव्हा कुठून ठाऊक असणार!)

चवमास्तर हे त्यांचं कारखान्यातलं नाव. बिस्किटांच्या कारखान्यात ते चव तपासायला होते. भट्टीतून निघालेल्या पहिल्या खेपेतलं एक बिस्कीट त्यांच्या टेबलावर यायचं, ते तुकडा मोडायचे, डोळे मिटायचे आणि "लोणी कालचं आहे" म्हणायचे, की सगळी खेप जागच्या जागी थांबायची. एकवीस वर्षं तो कारखाना त्यांच्या जिभेच्या शब्दाबाहेर नव्हता. घरी मात्र तीच जीभ गेले आठ महिने पुढ्यात येईल ते मुकाट्याने गिळत होती, कारण घरी आता स्वयंपाक चवमास्तरच करत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको तीन आठवड्यांच्या आजारात गेली. मागे दोन माणसं राहिली, चवमास्तर आणि तिचे वडील. सासऱ्यांनी जन्मभर एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळला होता आणि निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. हे दोघे एकमेकांशी बोलायचे ते तिच्यामार्फत. "बाबांना विचार, खिडकी लावू का?" "त्यांना सांग, लावा." तिघं एकाच खोलीत असायची, तरी कारभार असाच चालायचा. आता मधलं माणूसच नाहीसं झालं आणि खिडकी आठ महिने अर्धवट उघडी राहिली.

आणि गेल्या मंगळवारी सासरे वृद्धाश्रमाचा छापील अर्ज भरायला बसले. सोमवारी सकाळी दहा वाजता आश्रमाची गाडी न्यायला येणार होती आणि अर्ज तेव्हाच हातात द्यायचा होता. अर्जात शेवटचा रकाना होता, 'घर सोडण्याचे कारण'. चवमास्तर भांडी पुसायच्या निमित्ताने त्यांच्या पाठीमागून तीनदा गेले. म्हाताऱ्याने तिन्ही वेळा परीक्षेतल्या मुलासारखा हात आडवा धरून तो रकाना झाकला, मग अर्जाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. खुर्चीतून उठण्याआधी त्यांनी तळहातावर दोनदा बोटं वाजवली. त्यांची लेकही उठताना अशीच वाजवायची.

'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. पण एकवीस वर्षं ज्या तोंडातून फक्त दोषच निघाले, त्यातून हे दोन शब्द काही केल्या निघेनात. तेव्हा चवमास्तरांनी ठरवलं, की बोलून जमत नाही तर करून दाखवू. तिचे शनिवारचे हॉट डॉग पुन्हा टेबलावर आले, की म्हातारबुवांचं मन विरघळेल. तसंही लेक गेल्यापासून सासरे शनिवारी दुपारी घरी घासभरही खात नसत. पाय मोकळे करायला म्हणून बाहेर जायचे आणि परत आले की म्हणायचे, "भूक नाही." चवमास्तरांना ते बघवत नसे.

त्या हॉट डॉगचाही एक इतिहास होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चवमास्तरांनी घरात जाहीर केलं होतं, की कोपऱ्यावरच्या गाडीवर जे मिळतं त्याला अन्न म्हणणं हा अन्नाचा अपमान आहे. पुढच्याच शनिवारी शिवणाच्या दुकानातून दमून आलेल्या बायकोने बशीत हॉट डॉग वाढले. चवमास्तरांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा! याला म्हणतात घरची चव!" सोमवारी ही बातमी सगळ्या कारखान्याला कळली. त्यानंतर अकरा वर्षं दर शनिवारी ती स्वयंपाकघराचं दार आतून लावायची, आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि दहा मिनिटांत तीन बशा बाहेर यायच्या. "माझी पद्धत कुणी बघायची नाही," असं तिचं म्हणणं होतं.

आता ती पद्धत ठाऊक असलेलं माणूस उरलं नव्हतं. चवमास्तर बाजारातून सामान घेऊन आले, एप्रन बांधला (तिचाच, त्यामुळे तो छातीवरच संपत होता) आणि पहिली चार सॉसेजं तव्यावर टाकली. ती बाहेरून कोळसा झाली आणि आतून जशी आली तशीच थंड राहिली.

"बाबा, ती भाजायची की उकडायची?" त्यांनी बाहेर विचारलं.

सासरे खुर्चीतूनच म्हणाले, "दार लावलेलं असायचं."

"पण आवाज कसला यायचा?"

"भांड्यांचा."

"पाण्याचा? तेलाचा?"

"भांड्यांचा, जावईबापू. निव्वळ भांड्यांचा."

यावरून चवमास्तरांनी निष्कर्ष काढला, की ती उकडतच असणार. दुसरी चार सॉसेजं त्यांनी पातेल्यात टाकली आणि कांदा चिरायला घेतला. कांद्याने डोळ्यांना धार लागली. तशा अवस्थेत वळून बघतात तो सॉसेजं फुटून पाण्यावर गुलाबी फेस आलेला. ते पाणी मोरीत ओतताना त्यांना तिची इतकी आठवण आली, की ते रिकामं पातेलं हातात घेऊन तसेच उभे राहिले. सोमवारनंतर या घरात भांड्यांचा आवाज होईल तो फक्त आपल्या हातचा, हे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं.

आता शेवटची चारच उरली होती. चवमास्तरांनी ती कुकरमध्ये कोंबली, झाकण दाबून लावलं आणि शिट्टीची वाट बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"किती शिट्ट्या झाल्या?" सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

"एकही नाही. म्हणजे अजून शिजलं नसणार. आच वाढवतो."

खुर्ची करकरली. सासरे दारात आले, मान तिरकी करून त्यांनी कुकरचा आवाज ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, खाली बसा."

"अहो, पण शिट्टीच होत नाहीये..."

"म्हणूनच म्हणतो. खाली बसा!"

बॉयलरवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो हुकूम होता. जावई आणि सासरे ओट्याखाली शेजारी शेजारी उकिडवे बसले. (अकरा वर्षांत इतके जवळ ते कधी बसले नव्हते.) वर फाटकन सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि सॉसेजच्या सालीने बंद पडलेल्या शिट्टीचा सगळा राग एका दमात छताला जाऊन चिकटला. सासऱ्यांनी हात उंच करून गॅस बंद केला. जरा वेळाने छतावरून लगद्याचा एक गोळा सुटला आणि बरोबर चवमास्तरांच्या टाळूवर पडला. सवयीने त्यांनी तो बोटावर घेऊन चाखला.

"कसं झालंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीठ कमी आहे," चवमास्तर म्हणाले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिले.

म्हातारा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग तळहातावर दोनदा बोटं वाजवून उठला. "सदरा बदला आणि चप्पल घाला. मला भूक लागलीय."

शनिवारी सासऱ्यांना भूक! चवमास्तर काही न विचारता मागोमाग निघाले. सासरे जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि कोपऱ्यावरच्या त्या गाडीपाशी जाऊन थेट थांबले.

"काका, आज एवढा उशीर?" गाडीवाली बाई म्हणाली. "मला वाटलं, या शनिवारी चुकवलंत. नेहमीचंच ना, कांदा जास्त?"

"नेहमीचंच. आणि एक यांना," सासरे म्हणाले.

चवमास्तरांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. आठ महिन्यांच्या 'भूक नाही'चा अर्थ त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होता. तेवढ्यात हातात पाव आला. त्यांनी नाइलाजाने एक घास घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. लोण्यात तांबूस केलेला कांदा, त्यात चिमूटभर साखर. सॉसेज आधी उकडलेलं, मग जेमतेम भाजलेलं.

"ही तर... ही तर तिच्या हातची चव आहे."

"ताईंच्या?" बाई म्हणाली. "ताई तर इथूनच न्यायच्या. दर शनिवारी तीन. कागद काढून डब्यात घालून द्या म्हणायच्या." मग तिने चवमास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अगंबाई! म्हणजे आमचं ज्यांना चालत नाही, ते जिभेचे साहेब तुम्हीच?"

चवमास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मोहरीचा सॉस फार झणझणीत आहे," ते कसंबसं म्हणाले.

"मोहरी अजून घातलीच नाही मी," बाई म्हणाली आणि तिने ती वरून घातली.

"तुम्ही इतकं कौतुक केलंत, की तिला सांगवेना," सासरे खाली बघत म्हणाले. "मला म्हणाली, बाबा, त्यांच्या जिभेवर नोकरी आहे, कुणाला कळलं तर लोक हसतील. मी आज गप्प बसलो ते एवढ्याचसाठी. वाटलं, तुम्हाला चुकून जमलं, तर तिचं गुपित तसंच राहील."

चवमास्तरांनी मोठा घास घेतला आणि सगळं बळ एकवटून म्हणाले, "आऊ अका."

"काय?"

त्यांनी घास गिळला. "जाऊ नका, बाबा. सोमवारी. जाऊ नका."

हे म्हणताना हातातला पाव इतका आवळला गेला, की मोहरीचा सगळा सॉस धुतलेल्या सदऱ्यावर ओघळला.

"कागदी रुमाल संपलेत हो," गाडीवाली म्हणाली.

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. मग खिशातून चार घड्यांचा कागद काढला, झटकून उघडला आणि जावयाच्या छातीवरची मोहरी त्याने नीट, कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसून काढली. तो वृद्धाश्रमाचा अर्ज होता. पुसून झाल्यावर त्यांनी त्याचा बोळा जावयाच्या हातात ठेवला आणि गाडीवालीला म्हणाले, "पुढच्या शनिवारी दोन. डबा आणतो."

सासरे पुढे चालू लागल्यावर चवमास्तरांनी हळूच तो बोळा उलगडला. शेवटचा रकाना पिवळा झाला होता, पण बॉयलरच्या नोंदवहीत लिहून लिहून ठसठशीत झालेलं अक्षर स्पष्ट वाचता येत होतं.

'घर सोडण्याचे कारण : जावई फार चांगला आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने रांधून वाढतो. म्हणून.'