पन्नासावी नळी

मी एकदा निश्चय केला की जगातली कोणतीही शक्ती मला अडवू शकत नाही. माणसाच्या हातातली शीर हीसुद्धा एक शक्ती आहे, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय प्रयोगशाळेच्या पदवीला प्रवेश घेतल्यावर कळलं.

परीक्षेला बसायचं तर वहीत पन्नास वेळा रक्त काढल्याच्या नोंदी हव्यात, प्रत्येकीखाली सरांची सही. नाहीतर वर्ष गेलं. शेवटच्या दिवशी माझ्या एकोणपन्नास झाल्या होत्या, आणि माणूस ज्याचा त्याने आणायचा होता. बायकोने वीस वर्षं माझ्या हाती संसार सोपवला, पण स्वतःचा हात द्यायला ती तयार होईना. तिने भाऊ पुढे केला.

मेहुणा व्यायामशाळा चालवतो. त्याने बाही वर सारली तेव्हा माझ्या मुलांच्या वयाचा सगळा वर्ग हेव्याने बघत राहिला. लांबून सुई फेकली तरी शिरेत बसेल, असा हात! पट्टा बांधला, कापूस फिरवला, पहिल्याच फटक्यात नळी भरली. सुई काढून मी ती नळी अभिमानाने त्याच्या डोळ्यांसमोर धरली. नव्वद किलोंचा तो देह ओल्या टॉवेलसारखा खुर्चीवरून घसरला. पाय वर धरायला तिघे लागले.

तो शुद्धीवर येईपर्यंत सर ट्रेमधली नळी उचलून उभे होते.

"काका, ही कोणाची?" सर माझ्याहून बरेच लहान आहेत.

"मेहुण्याची."

"नाव कुठंय?"

"सर, लग्नापासून ओळखतो मी त्याला."

"आणि नळीला?"

बिननावाची नळी कचऱ्यात जाते. ती गेली. मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याच्या व्यायामशाळेतली दोन मुलं त्याच वर्गात होती, त्यामुळे आता त्याचीही अब्रू पणाला लागली होती. तो बाकावर आडवा झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि जप्तीत वस्तू काढून द्यावी तसा दुसरा हात पुढे केला.

"काढा भाऊजी. दाखवू मात्र नका."

आता मी चुकणार नव्हतो. आधी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत नाव, वय, वेळ लिहिली, ती नळीवर चिकटवली, मगच पट्ट्याला हात लावला. पुन्हा पहिल्याच फटक्यात! वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी वही उघडून सरांपुढे ठेवली.

सरांनी पेनाला टोपण लावलं. चिठ्ठी रक्त काढल्यावर लावायची, आधी नाही, असं ते शांतपणे म्हणाले. आधीच नाव लावलेल्या नळीत एखाद्या दिवशी भलत्याच माणसाचं रक्त जातं. हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माझ्या वहीत त्याखाली दोन रेघाही होत्या.

मी तिसऱ्यांदा काढायलाही तयार होतो. पण मेहुण्याला हात दोनच आहेत.